मेंदूतल्या सिलिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीला जीवशास्त्र शिकवताना सिलियांवर माझी जेमतेम दहा मिनिटं जायची. पॅरामेशियम, श्वासनलिका, बीजवाहिनी, की पुढचा धडा. मेंदूचं नावसुद्धा निघत नसे, कारण पुस्तकात नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. निवृत्त झाल्यावर सवडीने वाचायला घेतलं, दोन-चार ठिकाणी बोलले आणि मग प्रश्न येऊ लागले. विद्यार्थ्यांचे, आईवडिलांचे, एका आजींचेही. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. घरात मूल आजारी असेल तर हे वाचून दवाखान्यात जा. हे वाचलं म्हणून जायचं टाळू नका.

सिलिया म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणायचं?

पेशीच्या अंगावर उगवलेली केसासारखी बारीक काडी. पाठ्यपुस्तकातला शब्द ‘पक्ष्माभिका’. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, आणि लॅटिनमध्येही सिलियम म्हणजे पापणीच. शब्द घडवणाऱ्याने अर्थ अचूक पकडला, वाचणाऱ्याच्या जिभेचा मात्र विचार केला नाही. वर्गात मुलं ‘पक्षाभिका’च म्हणायची. लॅटिनच्या हिशेबाने एक असेल तर सिलियम आणि अनेक असतील तर सिलिया, पण या पानावर एक असली तरी ‘सिलिया’ आणि हजार असल्या तरी ‘सिलिया’.

पॅरामेशियमवर असतात त्याच का या?

घडण मुळात तीच. आत नऊ जोडनळ्या गोलाकार उभ्या असतात, बाहेरून पेशीचंच पातळ पटल. पण इथूनच दोन जाती सुरू होतात, आणि या विषयातला निम्मा गोंधळ त्या दोघींची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

पहिली जात हलणारी. तिच्या नऊ जोड्यांच्या मधोमध आणखी दोन नळ्या असतात आणि बाजूला डायनीन नावाच्या प्रथिनाचे हात असतात. ते नळ्या एकमेकींवर सरकवतात, म्हणून सिलिया वाकते. या एका पेशीवर डझनांनी असतात आणि त्यांचं काम द्रव ढकलणं. श्वासनलिकेत कफ वर सरकवतात त्या याच.

दुसरी जात स्थिर. मधली जोडी नाही, हातही नाहीत. एका पेशीला एकच. तिला प्राथमिक सिलिया म्हणतात. ती काही ढकलत नाही, फक्त बाहेरचा अंदाज घेते. झुरळ फटीत दबून बसतं आणि मिशी तेवढी बाहेर काढून ठेवतं, तसं. शरीरातल्या बहुतेक पेशींना अशी एक मिशी असते, मेंदूतल्या चेतापेशींनाही.

मेंदूत दोन्ही जाती आहेत. पुढचं वाचताना कुठल्या जातीबद्दल चाललंय ते लक्षात ठेवलं की पुष्कळसं सोपं होईल.

किती लहान?

जाडी साधारण पाव मायक्रॉन. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अडीचशेच्या वर शेजारी शेजारी मावतील. चेतापेशीवरच्या सिलियेची लांबी दोन ते दहा मायक्रॉन. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या नजरेची हद्द जिथे संपते तिथेच हिची जाडी सुरू होते. म्हणूनच ती इतकी वर्षं दिसून न दिसल्यासारखी राहिली.

मग शास्त्रज्ञांनी इतक्या उशिरा का दखल घेतली?

दिसली नाही असं नाही, दिसूनही तिला कुणी विचारलं नाही. लेव्हेनहुकने १६७०च्या दशकात पाण्याच्या थेंबातल्या जीवांवरच्या हलणाऱ्या सिलिया पाहिल्या होत्या. एकुलती, न हलणारी सिलिया माणसाच्या आणि सशाच्या पेशींत झिमरमानने १८९८ मध्ये चितारली, आणि ही काहीतरी जाणून घेण्यासाठी असावी असा तर्कही केला. १९६३ मध्ये उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातही ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. १९६८ मध्ये सोरोकिनने तिला ‘प्राथमिक सिलिया’ हे नाव दिलं. तरीही बहुतेकांचा समज असा की हलत नाही म्हणजे कामाची नाही, उत्क्रांतीत मागे राहिलेलं शेपूट आहे.

वारं फिरलं ते एका हिरव्या शेवाळामुळे. क्लॅमिडोमोनास. अकरावीच्या मुलांना हे नाव फक्त गुणांपुरतं माहीत असतं. १९९३ मध्ये येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत या शेवाळाच्या शेपटीत (तीही घडणीने सिलियाच) कण वर-खाली धावताना दिसले. सिलियेच्या आत प्रथिनं बनत नाहीत, प्रत्येक वस्तू बुडाकडून टोकापर्यंत वाहून न्यावी लागते आणि वापरून झालेली परत आणावी लागते. भरलेला डबा नेणं आणि रिकामा डबा आणणं यातलाच प्रकार. नेणारं इंजिन कायनेसिन-२, आणणारं डायनीन-२. मग २००० मध्ये कळलं की या वाहतुकीतलं शेवाळाचं एक जनुक आणि मूत्रपिंडात गाठी होणाऱ्या एका उंदरातलं बिघडलेलं जनुक एकच आहे. त्या उंदराच्या मूत्रपिंडातल्या प्राथमिक सिलिया खुरटलेल्या होत्या. ‘निरुपयोगी शेपूट’ खुरटलं की अवयव बिघडतो, हे समोर आलं आणि धावपळ सुरू झाली.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या कायनेसिन-२ वर फळमाशीच्या संवेदी चेतापेशींत काम झालं आहे. आपल्याकडच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मेंदूत हलणाऱ्या सिलिया कशाला? तिथे काय ढकलायचं?

पाणी. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत आणि त्यांत सीएसएफ म्हणजे मेंदू-मज्जाद्रव भरलेला असतो. मोठ्या माणसात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर, पण दिवसभरात साधारण अर्धा लिटर नवीन तयार होतो. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. या पोकळ्यांना आतून जे अस्तर आहे त्या पेशींवर सिलियांचे झुबके असतात. सेकंदाला दहाहून अधिक वेळा फटका मारतात, पण सगळ्या एकदम नाही. शेजारणीच्या पाठोपाठ शेजारीण, वानखेडेवर प्रेक्षक लाट करतात तशी. त्यातून भिंतीलगतचं पाणी ठरावीक दिशेने वाहतं.

२००६ मध्ये उंदरांत असंही दिसलं की प्रौढ मेंदूत नव्याने जन्मलेल्या चेतापेशी गंधकंदाकडे, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागाकडे, प्रवासाला निघतात तेव्हा या प्रवाहाच्या दिशेनेच जातात. सिलियांची शिस्त बिघडवली की त्या वाट चुकतात.

म्हणजे बाळाच्या डोक्यात पाणी झालं तर ते सिलियांमुळे?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुधा घाबरलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंदरात हलणाऱ्या सिलिया बंद पाडल्या की डोक्यात पाणी होणं जवळपास ठरलेलं. माणसात तसं नाही. ज्या मुलांच्या हलणाऱ्या सिलिया जन्मतःच नीट चालत नाहीत त्यांना कायमची सर्दी, छातीत कफ, कानाचा त्रास असतो, काहींचं हृदय उजवीकडे असतं. पण डोक्यात पाणी झालेलं त्यांच्यात क्वचितच आढळतं. आपल्या मेंदूतल्या पोकळ्या आणि त्यांना जोडणारा बोळ उंदराच्या मानाने ऐसपैस. पाण्याला ढकलायला हृदयाचा प्रत्येक ठोका आहे, श्वास आहे. खोल श्वास आत घेताना हा द्रव हलताना एमआरआयवर स्पष्ट दिसतो. सिलियांचा जोर भिंतीलगत चालतो, मधल्या धारेवर फारसा नाही.

मुलांत डोक्यात पाणी होण्याची नेहमीची कारणं वेगळी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव, मेंदूज्वर (क्षयाचासुद्धा), पाण्याचा बोळ जन्मतः अरुंद असणं, पाठीच्या कण्याची फट, गाठ. उपायही ठरलेले आहेत. पोटात नळी सोडणारा शंट, किंवा दुर्बिणीतून पोकळीच्या तळाला नवी वाट करणं. बाळाच्या डोक्याचा घेर भराभर वाढतोय, टाळू फुगलीय, नजर खाली ओढल्यासारखी दिसतेय, तर सिलियांचा विचार बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.

चेतापेशीला इतक्या फांद्या असताना आणखी एक मिशी कशाला?

फांद्यांवर जे चालतं ते झटपट. विजेचा ठोका आला, रसायन सुटलं, पुढची पेशी जागी झाली, सगळं काही मिलिसेकंदांत. सिलियेवरचा व्यवहार संथ. तिच्या पटलावर निवडक रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रसायनाचा निरोप पकडणारी प्रथिनं, दाटीने बसवलेले असतात: सोमॅटोस्टॅटिनचा एक प्रकार, सेरोटोनिनचा सहावा प्रकार, भुकेशी संबंधित एमसीएच या द्रव्याचा. बाकीच्या पेशीवर ते विरळ, इथे गर्दी. जागा चिमुकली असल्यामुळे थोडे रेणू आले तरी आतला संकेत पटकन दाट होतो. बाजारात हरवून जाईल असा आवाज माजघरात ऐकू येतो ना, तसं काहीसं.

आणि सिलियेचं बूड केंद्रकाच्या फार लांब नसतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, एक चकित करणारी गोष्ट दाखवली. सेरोटोनिन सोडणारा तंतू थेट चेतापेशीच्या सिलियेला येऊन भिडतो, चक्क एक सिनॅप्स, म्हणजे निरोप द्यायची जोडणी, करतो. तिथे सेरोटोनिन सुटलं की सिलियेतून निरोप केंद्रकात जातो आणि तिथे गुंडाळून ठेवलेला डीएनए कुठे उघडा, कुठे बंद, हे बदलतं. म्हणजे हा निरोप ‘आत्ता ठोका दे’ असा नाही. पेशीने पुढे बराच काळ कसं वागायचं, याबद्दलचा आहे. पन्नास वर्षं सिनॅप्स शिकवताना मास्तरांनी फळ्यावर जे चित्र काढलं त्यात ही जोडणीच नव्हती, माझ्याही फळ्यावर नव्हती.

गर्भात मेंदू घडताना सिलियांचा काय वाटा?

मोठा. इथे एका विचित्र नावाच्या प्रथिनाची ओळख करून द्यावी लागेल: सॉनिक हेजहॉग. व्हिडिओगेममधलं पात्र आहे ते. आधी माशीत एक जनुक सापडलं होतं, ते बिघडलं की अळी साळिंदरासारखी काटेरी दिसायची, म्हणून ‘हेजहॉग’. पुढे कशेरुकी प्राण्यांत त्याची भावंडं मिळाली आणि एकाला कुणीतरी हौसेने हे नाव दिलं. आता आपल्या बाळाच्या आजाराचं कारण सांगताना डॉक्टरांना हे नाव उच्चारावं लागतं, याची कल्पना त्या हौशी माणसाला तेव्हा आली नसणार.

हे प्रथिन गर्भातल्या पेशींना सांगतं की तू कुठे आहेस, पोटाच्या बाजूला की पाठीच्या, आणि त्यानुसार कोण हो. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅथरिन अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत, गर्भाची चेतानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती) चुकीची घडलेल्या उंदरांत बिघाड शोधताना सापडली ती सिलियेतल्या वाहतुकीची जनुकं. कुणी सिलिया शोधत नव्हतं. मग एकेक दुवा जुळला. निरोप नसताना सिलियेत ‘पॅच्ड’ नावाचं प्रथिन ठाण मांडून असतं. हेजहॉग येऊन त्याला चिकटलं की पॅच्ड बाहेर पडतं आणि ‘स्मूदन्ड’ आत शिरतं. पुढची सगळी साखळी त्यावर हलते. सिलियाच नसेल तर पाहुणा दारात येऊनही घरात कळत नाही. गंमत अशी, ज्या माशीत हे सगळं सुरू झालं तिला या निरोपासाठी सिलिया लागत नाही.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, कुरणातलं आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं होऊ लागली. मेंढपाळ हवालदिल. बरीच वर्षं तपास केल्यावर कारण सापडलं: डोंगरउतारावरची एक रानटी लिलीसारखी वनस्पती. मेंढीने गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या आसपास ती खाल्ली तर कोकराचा पुढचा मेंदू दोन भागांत विभागलाच जात नाही. त्यातल्या विषाला नाव पडलं सायक्लोपामीन. ते स्मूदन्डला अडवतं, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

हेच प्रथिन अडवून कर्करोग बरा करतात असं वाचलं, खरं का?

काही प्रमाणात. लहान मेंदूत माणसाच्या ८६ अब्जांपैकी सुमारे ६९ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या बहुतेक हेजहॉगच्या सांगण्यावरून वाढलेल्या पेशींपासून होतात. ही वाढ थांबायच्या वेळी थांबली नाही तर मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होऊ शकते, मुख्यतः मुलांत. अशा सगळ्याच गाठी हेजहॉगमुळे होत नाहीत, एक गट होतो. स्मूदन्डला अडवणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगासाठी मंजूर झालं. वाढत्या मुलांत मात्र अशा औषधाने हाडांची वाढीची टोकं अकाली जुळून येतात आणि उंची खुंटते, त्यामुळे ते सरसकट देता येत नाही. आणि सिलियाच काढून टाकल्या तर? उंदरांत याचं उत्तर दुहेरी आलं: बिघाड साखळीत वर असेल तर गाठ थांबते, खाली असेल तर उलट फोफावते.

जूबेर सिंड्रोम म्हणजे काय? एमआरआयमध्ये ‘दात’ दिसला म्हणाले.

वर ज्या आजींचा उल्लेख केला त्यांचा हा प्रश्न. नातवाची फिल्म त्यांनी खिडकीच्या काचेला लावून धरली होती आणि त्या खरोखर दात शोधत होत्या. “डोक्यात दाढ उगवली म्हणे, काढून टाकता नाही का येत?” मी बोट ठेवून दाखवलं. फिल्मच्या ओळीतल्या एकाच चौकटीत, मध्यमेंदूच्या पातळीवरच्या आडव्या कापात, दोन मुळांची दाढ उपडी ठेवावी तसा करडा आकार. दाढ नाहीच तिथे. लहान मेंदूचा मधला भाग नीट वाढला नाही म्हणून मध्ये पोकळी दिसते, आणि लहान मेंदूकडून वर जाणारे दोन जाड दोर एकमेकांना ओलांडून पलीकडे जायचे ते न ओलांडता सरळ, जाडजूड तसेच राहतात. तीच दाढेची मुळं. आजींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे दोरच चुकीचे वळले.” याहून बरं मला सांगता आलं नसतं.

हा आजार पहिल्यांदा १९६९ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या डॉ. मारी जूबेर आणि सहकाऱ्यांनी एका घरातल्या चार भावंडांत नोंदवला. साधारण लाखात एक. बाळ अंगाने सैल असतं, मान उशिरा धरतं. तान्हेपणी काहींचा श्वास मध्येच धाप लागल्यासारखा भराभर चालतो आणि मग क्षणभर थांबतो. बघणाऱ्या आईचा जीव जातो, पण वाढत्या वयात हे बहुधा निवळतं. नजर वळवायची तर डोळ्यांऐवजी आख्खं डोकं झटक्याने वळवतात. चालणं उशिरा आणि डुलत. बुद्धीचा मात्र एकच साचा नाही. कुणी शाळेत इतरांबरोबर जातं, कुणाला खूप आधार लागतो.

कारणीभूत जनुकं तीसहून जास्त सापडली आहेत आणि ती सगळी प्राथमिक सिलियेच्या नाहीतर तिच्या बुडाच्या कामाची. म्हणूनच आजार मेंदूपुरता राहीलच असं नाही. दृष्टिपटल, मूत्रपिंड, यकृत यांवरही परिणाम होऊ शकतो. निदान झालं की डोळ्यांची, लघवी-रक्ताची आणि यकृताची तपासणी दरवर्षी, काही त्रास नसतानाही. ही ओळ फ्रिजवर चिकटवून ठेवा असं मी पालकांना सांगते. मूत्रपिंड हळूहळू बिघडतं, मूल फक्त जास्त पाणी पितं आणि रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठतं, आणि घरात कुणाला वाटतं, उन्हाळा आहे.

आमचं लग्न नात्यातलं आहे. त्यामुळे झालं का?

कुणाचा दोष नाही, हे आधी. जूबेर बहुतेक घरांत असा येतो की आई आणि वडील दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते, दोघंही ठणठणीत असतात, आणि बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. ‘एक मूल असं झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब चुकीचा. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडतात.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रिवाजाने होतं. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, त्यामुळे दोघांकडे एकच बिघाड असण्याची शक्यता वाढते. तरी अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगीच असतात, आणि नात्याबाहेर लग्न केलेल्यांकडेही जूबेर होतो.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी आजारी मुलाचं जनुक शोधून घ्या (एक्झोम, म्हणजे सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणाऱ्या तपासणीत बहुधा हाती लागतं), मग दोघांची खात्री, मग गरोदरपण. जनुक आधी माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाचं कळू शकतं. ते माहीत नसेल तर सोनोग्राफी आणि गर्भाच्या एमआरआयवर अवलंबून राहावं लागतं, आणि तोवर दिवस बरेच गेलेले असतात. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या मुलाच्या फाईलवर ‘विकास मंद’ एवढंच लिहून एका दवाखान्याने बोळवण केली होती. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईत परळचं केईएम रुग्णालय हे केंद्र आहे. जनुकीय सल्ला कुठून घ्यायचा हे कळत नसेल तर तिथून सुरुवात करता येईल.

सिलियांचा आणि भुकेचा काय संबंध? जाडी त्यामुळे वाढते का?

तुमची-माझी जाडी बहुधा नाही. पण एक आजार आहे, बार्डे-बीडल सिंड्रोम, ज्यात हा संबंध उघडा पडला. मूल जन्मताना कधी हातापायाला सहावं बोट असतं. दोन-तीन वर्षांत वजन वाढू लागतं आणि भूक शमत नाही. साधारण शाळेच्या वयात संध्याकाळी अंधारात ठेचकाळू लागतं, म्हणजे रातांधळेपणा. लोक एकेक लक्षण सुटं बघतात: बोट सर्जनकडे, वजन आईच्या लाडाकडे, डोळे चष्म्याकडे. आईला ‘किती भरवतेस’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

मेंदूच्या तळाशी, भूक-तहान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या चेतापेशींवर एमसी४आर नावाचा रिसेप्टर असतो. तो सिलियेवरच बसलेला असतो हे २०१८ मध्ये दिसलं. सिलियेतली ने-आण बिघडली की ‘पुरे’ हा निरोप पोचत नाही. त्याआधी २००७ मध्ये वाढ झालेल्या उंदरांच्या सिलिया मुद्दाम नाहीशा केल्या तेव्हा ते खातच सुटले आणि लठ्ठ झाले. त्यांचं खाणं मोजून दिल्यावर वजन आटोक्यात राहिलं. म्हणजे चरबी साठवण्यात घोळ नव्हता, भुकेत होता. २०२२ मध्ये अमेरिकेत या आजारातल्या वजनासाठी सेटमेलॅनोटाइड हे रोजचं इंजेक्शन मंजूर झालं. ते एमसी४आरला थेट जागं करतं. डोळे किंवा मूत्रपिंड मात्र त्याने सुधारत नाहीत, सिलियाही दुरुस्त होत नाहीत.

डोळे आणि नाक यांचा सिलियांशी संबंध कसा?

डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशीचं बाहेरचं टोक म्हणजे बदललेली सिलियाच. ते सतत झिजतं आणि नवं होतं, दिवसाला सुमारे दहावा भाग. सगळा माल एका अरुंद मानेतून जातो. वाहतूक बिघडली की दृष्टी आधी जाते ती याच कारणाने. नाकात वास घेणाऱ्या चेतापेशींच्या टोकाला सिलियांचा झुबका असतो आणि वासाचे रिसेप्टर तिथेच बसतात. बार्डे-बीडल असलेल्या काहींना वास येत नाही. त्यांनी तक्रार केलेली नसते, कारण वास येणं म्हणजे काय हेच माहीत नसतं.

अमेरिकेहून मुलगी आली की आठवडाभर दुपारी झोपते. यातही सिलिया?

कदाचित! २०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की मेंदूतलं मुख्य घड्याळ चालवणाऱ्या काही चेतापेशींच्या सिलिया चोवीस तासांत लांब-आखूड होतात. त्या सिलिया काढून टाकलेले उंदीर बदललेल्या वेळेशी लवकर जुळवून घेत होते. सिलिया पेशींना एका तालात बांधून ठेवतात, म्हणून ताल बदलायला वेळ लागतो, असं दिसतं. माणसासाठी यातून औषध निघालेलं नाही. तोवर मुलीला सकाळच्या उन्हात गच्चीवर पाठवा.

नैराश्य, ऑटिझम, विसराळूपणा यांवर सिलियांची तपासणी करून घ्यावी का?

नाही. अशी तपासणीच नाही. लिथियम या मनोविकारांवरच्या औषधाने उंदरांच्या मेंदूतल्या सिलिया लांबतात हे २००९ मध्ये दिसलं, पण त्या औषधाचा गुण त्यामुळेच येतो असं म्हणता येत नाही. कुणी चालू गोळी या वाचनावर बदलू नये. सिलियेवरच्या त्या सहाव्या सेरोटोनिन रिसेप्टरला अडवणारी दोन औषधं, इडालोपिर्डीन आणि इंटेपिर्डीन, अल्झायमरसाठी मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचली आणि २०१६ ते २०१८ च्या दरम्यान नापास झाली. उंदराच्या पिंजऱ्यातून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता असा खाचखळग्यांचा आहे.

काय खाल्लं, कुठला प्राणायाम केला तर मेंदूतल्या सिलिया मजबूत होतात?

असं काही माहीत नाही. बदाम खा, चांगले लागतात. धूम्रपानाने श्वासनलिकेतल्या सिलिया खराब होतात हे खरं, पण ती वेगळी जात आणि वेगळी जागा.

सिलिया स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतील?

मेंदूतल्या घरबसल्या नाहीत, त्यांना खास रंग आणि यंत्र लागतं. मात्र १८३०च्या दशकात पुर्किन्ये यांनी मेंदूच्या पोकळीच्या अस्तरावरच्या हलणाऱ्या सिलिया त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या होत्या.

पॅरामेशियम मात्र शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसतो. डबक्यातलं पाणी आणि मूठभर वाळलेलं गवत बरणीत घालून आठवडाभर सावलीत ठेवा. वास सुटला की समजा जमलं. वरच्या सायीलगतचा थेंब घ्या आणि त्यात कापसाचे दोन-चार तंतू सोडा, नाहीतर तो नजरेच्या टप्प्यात थांबतच नाही. खालचा उजेड कमी करा. कडेला जी थरथर दिसते त्या सिलिया. थेंबात यीस्टचं पाणी सुईच्या टोकाने लावलं तर कण एका वळणाने तोंडाच्या खाचेकडे ओढले जाताना दिसतात. सिलिया नीट दिसल्या नाहीत तरी त्यांनी फिरवलेलं पाणी दिसतं.